पृथ्वी दमते त्या दिवसांत

माघ लागला की आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आपटायला लागते. सकाळी डोंगराकडून कोरडा वारा येतो, दुपार कलली की तोच तोंड फिरवून खाडीकडून यायला लागतो, आणि खिडकीला दोन्हीकडून मार बसतो. तिची कडी गेल्या माघातच तुटली. तेव्हा मी तिथे परकराची जुनी नाडी बांधून ठेवली आणि सवड झाली की सुताराला बोलवू असं म्हटलं. सवड झालेली नाही. नाडीचा रंग तेवढा उडाला आहे.

पनवेलच्या खांदा कॉलनीत आम्ही राहायला आलो तेव्हा या खिडकीतून अख्खा प्रबळगड दिसायचा. आता विचुंब्याच्या बाजूला टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या मधल्या फटीत त्याचा एक तुकडा उरला आहे, पावाच्या कडेसारखा. तोही धूळ असली की दिसत नाही. मधुकर मात्र रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या तुकड्यासमोर बसतो. त्याला तो तुकडा पुरतो. मला हल्ली काहीच पुरत नाही, झोप तर नाहीच.

मधुकर माझा नवरा. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत आला. त्याच्या वर्गातली मुलं बाकीचं सगळं विसरली असतील, पण माघातला त्याचा एक तास विसरली नसतील. अभ्यासक्रम संपत आलेला, परीक्षा तोंडावर, मुलं पेंगुळलेली, आणि हा वर्गात शिरून गंभीर चेहऱ्यानं सांगायचा की सध्या पृथ्वी जरा दमलेली आहे, तिला फार बोलू नका. मग खडू उचलायचा. पृथ्वी आणि तिच्याभोवतीची हवा या दोघींच्या फिरण्याचा साठा एकच असतो, असं तो सांगे. थंडीत आपल्या गोलार्धात वर खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे वारे जोरात पळायला लागतात. हा जोर त्यांना पृथ्वीकडूनच मिळतो. त्यामुळे पृथ्वी तेवढी मंदावते आणि दिवस लांबतो. उन्हाळा सरताना वारे शांत होतात, घेतलेलं परत देतात आणि पृथ्वी पुन्हा वेग धरते. दिवस लांबतो तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास, हे तो अगदी शेवटी सांगायचा. तोवर अर्धी मुलं खरोखरच आज घरी जायला उशीर होणार या काळजीत असायची.

आणि ही देवाणघेवाण होते कुठे, तर डोंगरांवर. वारा जमिनीला घासत जातो तिथे थोडी होतेच, पण डोंगर आडवा आला की हवा त्याच्या एका अंगाला दाटते, दुसऱ्या अंगाला विरळ होते. तेवढ्या फरकानं डोंगर ढकलला जातो आणि डोंगराबरोबर खालची सगळी पृथ्वी. हिमालयासारखे मोठे डोंगर यात मोठी कामं करतात, आपला सह्याद्री चिल्लर कामं करतो, असं म्हणून तो खिडकीतून प्रबळगडाकडे बोट दाखवायचा. एकदा पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, मग डोंगरांना लागत नाही का सर? मधुकर घरी येऊन हसत हसत मला हे सांगत होता. मी विचारलं, काय उत्तर दिलंस? म्हणाला, "म्हटलं, डोंगराला विचारून सांगतो."

मला हे सगळं त्यानं लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत समजावलं होतं. मी पुण्याची, कचेरीत काम करणाऱ्या माणसांच्या घरातली. पाणी म्हणजे नळ आणि कॅनॉल एवढीच माझी ओळख. हा उरणकडच्या आगरी घरातला, मिठागरावर वाढलेला. त्याच्या थोरल्या बहिणीला मोऱ्याच्या धक्क्याजवळ दिलेलं होतं. आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा तिच्या नवऱ्याची छोटी होडी धक्क्याला सैल बांधलेली होती. मधुकरनं मला तिच्यात बसवलं आणि स्वतः मागच्या टोकाकडून पुढच्या टोकाकडे चालायला लागला. तो पुढे चालला तशी होडी मागे सरकायला लागली. तो थांबला, होडी थांबली. "हे बघ, मी वारा आणि तू बसलीयेस ती पृथ्वी," तो म्हणाला. मी दोन्ही हातांनी कड घट्ट धरून बसले होते आणि मला फक्त एवढंच कळलं होतं, की हा माणूस पुढे चालला तर मी मागे जाणार. पुढे संसारात हे बऱ्याच वेळा खरं ठरलं, पण तेव्हा मला हसू आलं होतं.

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात, सकाळी दाढी करता करता मधुकर बेसिनपाशी खाली बसला आणि त्याला उठता येईना. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लोंबलेला, आणि डोळ्यांत एक विलक्षण आश्चर्य. डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते मी इतक्या जणांना सांगितलंय की आता पाठ झालंय. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं गेलं. जे परत यायचं ते मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत येतं, पुढे वेग मंदावतो. होळीपर्यंत तो स्वतःच्या पायावर चालायला लागला तर चालला, नाहीतर जे आहे त्याची सवय करा, असा त्या बोलण्याचा अर्थ मी घेतला. डॉक्टर होळी म्हणाले नव्हते. होळी माझी मीच ठरवली, कारण कशाला तरी धरून राहायला हवं होतं.

त्या थंडीतले दिवस किती मोठे होते. मी कचेरीतून रजा घेतलेली. त्याला उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं, गोळ्या, पुन्हा झोपवणं, आणि हे सगळं होऊन घड्याळाकडे बघावं तर सकाळच सुरू. पृथ्वी दमली आहे हे मला तेव्हा अंगानं पटलं. हजारावा हिस्सा वगैरे काही नाही, चांगला तासभर वाढला असणार रोज. बाहेर मात्र सगळं आपल्या वेळेवर चाललेलं. भाजीवाल्याकडे वालाच्या शेंगा आल्या, मग अलिबागचा पांढरा कांदा माळा करून आला. कॉलनीतल्या मुलांनी कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी कोंबून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ केला. त्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला तेव्हा मधुकर पलंगावर डोळे मिटून पडला होता. त्याच्या नाकपुड्या हलल्या. मी खाली जाऊन मूठभर शेंगा मागून आणल्या आणि एकेक दाणा सोलून त्याच्या तोंडात दिला. तेव्हा मी रडले. तो चावत होता आणि माझ्याकडे बघत होता.

फिजिओथेरपीसाठी सना नावाची मुलगी यायची. पनवेलच्या जुन्या वस्तीतली, गोड बोलणारी पण कामात कडक. ती त्याला उभं करायची. उभा राहायचा तो. पण पाऊल टाका म्हटलं की सगळं अडायचं. तिनं वॉकर आणला, तो त्यानं डाव्या हातानं ढकलून दिला. काठी दिली, ती त्यानं धरली आणि तिच्याकडे असा बघत राहिला, जणू ही वस्तू कशासाठी असते हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. सना म्हणायची, "सर, काठी पुढे, मग पाय." सर बिचारे घामाघूम व्हायचे. आज्ञा त्याला कळत होती, पण ती पायापर्यंत पोचतच नव्हती. त्या दिवसांत सना गेली की मी दार लावून तिथेच चपलांच्या स्टँडवर बसायची, आत जायचं बळ येईपर्यंत.

मग आक्का आली. आक्का म्हणजे तीच मोऱ्याची माझी नणंद. एव्हाना नवरा गेलेला, होडी विकलेली, मुलं बांधकामाच्या धंद्यात स्थिरावलेली. हातात पिशवी, पिशवीत सुकट, आणि आल्या आल्या माझ्याकडे बघून, भावाकडे नंतर बघून, म्हणाली, "शैला, तू जेवतेस का नाय?" तिनं भात टाकला. गेल्या कित्येक दिवसांत कोणीतरी माझ्यासाठी भात टाकला होता.

दुसऱ्या दिवशी तिला भावाला गॅलरीत उन्हात न्यायचं होतं. मी सांगत होते की तो चालत नाही, आपण खुर्ची सरकवू. पण तिनं त्याला उठवून उभं केलं आणि त्याचा डावा हात आपल्या खांद्यावर टाकून घेतला. सना नेहमी सांगायची की दुबळ्या बाजूला उभं राहा. आक्का नेमकी उलट बाजूला उभी राहिली. म्हणून मग मीच धावत जाऊन उजवीकडे उभी राहिले, त्याचा लुळा हात माझ्या खांद्यावर घेऊन. तिघं एका ओळीत. आक्कानं आपला पाय जमिनीवर आपटला. का आपटला ते तिला विचारलं तर तिलाही सांगता आलं नाही. बहुधा पायाला मुंग्या आल्या असतील. आणि मधुकरचा पाय उचलला गेला. डावा, मग उजवा, फरफटत का होईना, पण उजवासुद्धा. धप, धप. आक्काच्या तोंडून "हैसा" असं काहीतरी निघालं आणि ते दोघं जागच्या जागी, चिखल तुडवावा तसे पाय आपटायला लागले. मी त्या ओळीत अडकलेली, मीही तुडवायला लागले.

त्यांच्या आगरात दिवाळीनंतर हे काम असायचं. पावसाचं पाणी काढून टाकलं की मीठ पिकवायच्या वाफ्यांचा तळ मऊ चिखल झालेला असतो. तो घट्ट केल्याशिवाय मीठ चिखलात मिसळून काळं होतं. मग घरातली सगळी माणसं, बायका, पोरं, एका ओळीत उभी राहून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकत आणि पायांनी तळ चोपत चोपत एकेक पाऊल बाजूला सरकत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. कोणी एकटा तुडवत नसे, एकट्यानं तोल राहत नाही. मधुकर चालायला शिकला असेल नसेल तेव्हापासून त्या ओळीत होता. ते आगर आता नाही, तिथे कंटेनर ठेवतात. आगर गेल्यावर त्यानं कधी पाय आपटलेला मी पाहिला नव्हता, वरातीतसुद्धा नाही.

सनानं ते पाहिलं तेव्हा ती आधी चिडली, मग तिनं त्याच्या कमरेला पट्टा बांधून रोज तेच करून घ्यायला सुरुवात केली. ती म्हणाली की ताल आला, की कधीकधी पाय आज्ञेची वाट बघत नाहीत. अडचण दोन गोष्टींची होती. पहिली म्हणजे खालच्या मजल्यावरचे देशमुखकाका. ते वर आले, दारातच उभे राहिले आणि फार सभ्यपणे म्हणाले की त्यांच्या दिवाणखान्यातला पंखा हलतो आहे. मी त्यांना आत बोलावलं. आत आक्का, सना आणि मध्ये मधुकर असे तिघं ओळीत उभे, धप धप चाललेलं, मधुकरच्या वाकड्या तोंडावर घाम आणि त्या दुखण्यात पहिल्यांदा दिसलेलं हसू. काका थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले की पंखा जुनाच आहे, आणि खाली गेले. पुढे रोज त्या वेळेला ते फिरायला बाहेर पडायचे.

दुसरी अडचण अशी, की मधुकर चालायला लागला तो आडवा. पुढे नाहीच. आगरात पुढे जायचं नसतंच, बाजूला सरकायचं असतं. त्यामुळे स्वयंपाकघराकडे निघालेला माणूस टीव्हीपाशी पोचायचा. न्हाणीघराकडे निघाला की कपाट. खेकड्यासारखा तो घरभर फिरला, भिंती संपेपर्यंत. आक्का हसून हसून खाली बसली. म्हणाली, "अरं, मीठ नाय पिकवायचा आता. म्होरं बघ, म्होरं." त्यालाही हसू येत होतं, पण पाय ऐकत नव्हते.

तेव्हा मी त्याच्या पुढे जाऊन उभी राहिले, पाठमोरी, आणि त्याचा डावा हात मागून माझ्या डाव्या खांद्यावर घेतला. ओळ तीच, फक्त तिचं तोंड फिरवलं. मी पाय आपटत पुढे सरकले आणि खांद्यावर त्याचं वजन आलं. सगळं आलं. त्या एका पंजातून अख्खा माणूस माझ्यावर टेकला आणि मी थोडी मागे ओढले गेले, होडीत झाले होते तशी. पण तो पुढे आला. एक पाऊल, मग पाय घासत दुसरं. दारापर्यंत गेलो आम्ही. मागे वळून बघायची सोय नव्हती. मला तो दिसत नव्हता, फक्त खांद्यावर कळत होता.

त्यानंतरचे सगळे महिने मी नवऱ्याला असंच ओळखत आले, वजनानं. सकाळी वजन जास्त, संध्याकाळी थोडं कमी. ऊन वाढलं की जास्त. सना खूश असली की कमी. आम्ही आधी घरात चाललो, मग जिन्यापर्यंत, मग लिफ्टनं खाली उतरून कंपाउंडात. होळी आली. खाली मुलांनी होळी पेटवली, आक्का तिच्या गावच्या होळीसाठी परत गेली, आणि मधुकर माझ्या खांद्याला धरून होळीभोवती एक फेरी चालला. मी त्या दिवशी देवाला म्हटलं की एवढ्यावर भागणार नाही, मला तो एकटा चालायला हवा आहे. देवाशी मी इतकी रोखठोक कधी बोलले नव्हते.

पण तो एकटा चालला नाही. उन्हाळ्यात पृथ्वीनं वेग धरला असेल, आम्ही तसेच. पावसाळ्यात पार्किंगच्या छपराखाली फेऱ्या. दसरा, दिवाळी. सनाचं येणं आठवड्यातून एकदा झालं, मग बंद झालं. शेवटच्या दिवशी ती म्हणाली की सर आता एकटे चालू शकायला हवेत, भीती उरली असेल, ती औषधानं जात नाही. मी दोन-चारदा प्रयत्न केला. दाराशी उभी राहून म्हटलं, ये, इथपर्यंत ये. तो उभा राहायचा, माझ्याकडे बघायचा आणि हात पुढे करायचा. तो हात पुढे आला की माझं काही चालत नसे. मी जाऊन पाठ करून उभी राहायची.

बोलणं थोडं परत आलं होतं. एकेक शब्द, मध्ये मोठी वाट. चहा. बस. नको. एकदा टीव्हीवर वादळाची बातमी चालली होती, तेव्हा त्यानं स्पष्ट "दाब" असा शब्द काढला आणि मग कितीतरी वेळ स्वतःवर खूश होता. आमची मुलगी बेंगळुरूला असते. ती दिवाळीत म्हणाली, आई, तू पंधरा दिवस माझ्याकडे ये, बाबांकडे आत्या थांबेल. मी तिला काय सांगितलं? सांगितलं की त्याला खांदा लागतो, आणि उंचीनं माझाच बसतो. ती म्हणाली, आई, तू दमली आहेस. मला तिचा राग आला. का आला ते मला नीट माहीत नाही. दमलेल्या माणसाला, तू दमली आहेस असं सांगितलं तर त्याला राग येतो, एवढं खरं.

पौषात माझा डावा खांदा दुखायला लागला. आधी केस विंचरताना, मग ब्लाउजची बटणं लावताना, मग नुसतंच. हाडांच्या डॉक्टरांनी हात वर करून बघितला, मागे नेऊन बघितला, आणि म्हणाले की खांदा आखडला आहे, या वयात बायकांना होतं. मी म्हटलं, रोजच्या वजनानं झालं असणार. त्यांनी विचारलं, कसलं वजन? मी सांगितलं. ते म्हणाले, "वजनाचा यात फारसा संबंध नाही हो. हा वापरानं नाही आखडलेला. तुम्ही तो जपून, धरून ठेवताय, म्हणून आखडलाय." मला ते पटलं नाही. घरी येऊन मी शेकाची पिशवी घेतली आणि प्रबळगडाच्या तुकड्याकडे बघत बसले. त्या मुलीचा प्रश्न आठवला. डोंगराला लागत असणार, म्हटलं. कोणी विचारत नाही, म्हणून तो सांगत नाही.

आणि आता पुन्हा माघ. पुन्हा वाल, पांढरा कांदा, कोपऱ्यावर पोपटीचा धूर. पुन्हा वर कुठेतरी उंचावर ते वारे सुटले असतील आणि पृथ्वी हळूहळू मंदावत असेल. शाळेत या वर्षीही हे कोणी सांगणार नाही. सांगायला हवंच असंही नाही, ते परीक्षेत येत नाही. पण मला त्याच्या वर्गातल्या मुलांची उगाच आठवण येते, ज्यांना पृथ्वीची काळजी वाटली होती. मला स्वतःला आता कशाची काळजी करण्याइतकाही उत्साह नाही. सकाळी उठते तेव्हा पहिला विचार येतो, तो दिवस कधी मावळेल हा. हे लिहायला बरं नाही, पण आहे ते असं आहे.

परवा संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे खाली उतरलो. वारा खूप होता, खाडीकडून. रस्त्यावरची धूळ उठून कंपाउंडाच्या भिंतीपाशी गोल फिरत होती. वरून एक विमान उतरत गेलं, हल्ली बरीच जातात. मी पुढे, तो मागे, त्याचा हात माझ्या दुखऱ्या खांद्यावर. मी कण्हत चालले होते, तोंडातल्या तोंडात. उद्या गॅसचा नंबर लावायचा, बिल भरायचं, खिडकीला सुतार, असं काहीबाही डोक्यात. पाण्याच्या टाकीच्या पुढे रस्ता उखडलेला आहे, पेव्हर ब्लॉक वर आलेत. तिथे माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

मी वाकले. काही न सांगता, एकदम, अंगठ्याकडे हात नेत खाली वाकले आणि खांद्यावरचा हात निसटला. वाकलेल्या अवस्थेतच मला ते कळलं. मी काय केलं हे? टेकू काढून घेतला. मागे तो पडणार, दगडावर पडणार, डोकं आपटणार. मी खांदा आवळला, आवाज यायची वाट बघितली आणि वळले.

मधुकर उभा होता. उखडलेल्या ब्लॉकवर, दोन्ही पाय टेकवून, सरळ. वाऱ्यानं त्याचा झब्बा अंगाला चिकटला होता. डावा हात हवेत होता, माझा खांदा जिथे असायचा तिथे. तो डुलतसुद्धा नव्हता.

मग मी हळूहळू आठवत मागे गेले. आज जिन्यापाशी वजन होतं का? काल? कोजागिरीला? मला त्याचा पंजा आठवत होता, त्याची ऊब आठवत होती, पण वजन आठवेना. मी चालत होते त्या दुखऱ्या खांद्यावर त्याचं वजन धरून. ते कधीच उतरलं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यानं डोळे मिटले, शब्द शोधताना मिटतो तसे. बराच वेळ लागला. "पा...ऊस," तो म्हणाला.

पाऊस. म्हणजे पार्किंगच्या छपराखाली आम्ही फेऱ्या घालत होतो तेव्हापासून. सना म्हणाली होती तेव्हा तो चालत होता. मी दाराशी उभी राहून ये म्हणत होते आणि तो नुसता हात पुढे करत होता तेव्हाही. मला संताप आला. इतके महिने. मुलीकडे गेले नाही, कुठे गेले नाही, रात्र रात्र खांदा शेकत बसले, आणि हा चालत होता. मी हातात तुटकी चप्पल घेऊन त्या रस्त्यात उभी होते आणि माझा आवाज चढला.

"मग हात कशाला ठेवत होतास माझ्यावर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, शब्द आला नाही. त्यानं पुन्हा डोळे मिटले. वारा त्याच्या उजव्या अंगावर सारखा येत होता आणि तो लुळा हात थोडा थोडा हलत होता. मग त्यानं डोळे उघडले आणि शब्द आले, एक, आणि बऱ्याच वेळानं दुसरा.

"तू... पडशील."

मी चप्पल खाली टाकली. रडले असते, पण तेवढीही ताकद नव्हती. उभ्या उभ्या पाय थरथरत होते, आणि ते आज थरथरायला लागलेले नव्हते, हेही मला तेव्हाच कळलं. त्यानं हात पुढे केला. मी पाठ फिरवून उभी राहिले, आणि तो पंजा पुन्हा तिथेच, दुखऱ्या जागी येऊन बसला, हलका. मग मी त्याच्यावर टेकले.

तुटकी चप्पल तिथेच राहिली. आम्ही हळूहळू घरी गेलो.